पुरचुंडीचा डोळा आणि आमचे हे

आमच्या गल्लीत माझ्या नवऱ्याला सगळे 'इस्त्री' म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर 'फोटोवाले' म्हणतात. पण ह्यांची पाठ वळली की इस्त्री. कारण ह्यांच्या स्टुडिओत माणूस सुरकुत्यांसकट आत जातो आणि कागदावर गुळगुळीत होऊन बाहेर येतो. एकदा कोपऱ्यावरचा नवा भाडेकरू इस्त्रीचं दुकान विचारत आला. कुणीतरी मुद्दाम आमच्याकडे बोट दाखवलं. त्याने काउंटरवर शर्टांचं गाठोडं ठेवलं आणि विचारलं, संध्याकाळपर्यंत मिळतील ना? हे कितीतरी दिवस घुश्शात होते. मी अजून हसते.

तसा माणूस वाईट नाही हो. उलट तोंडाने खोटं बोलायचं म्हटलं तर ह्यांना घाम फुटतो. सगळं खोटं फोटोतच खर्च होतं, तोंडासाठी काही उरत नाही.

खाली स्टुडिओ आणि वर आमचं घर. स्टुडिओत मागच्या भिंतीवर आकाश रंगवलंय, त्यातला एक ढग पोपडे निघून अर्धा राहिलाय. समोर फिरतं स्टूल, दोन छत्रीचे दिवे, गिऱ्हाइकांनी बसायला एक लांब बाक, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. तो कॉम्प्युटर यायच्या आधी तिथे काचेचं टेबल होतं, खालून दिवा लावलेलं. त्यावर फिल्म ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने लोकांची मुरमं, देवीचे व्रण, डोळ्यांखालच्या पिशव्या एकेक करून बुजवायच्या. हे तासन् तास भिंग डोळ्याला लावून बसायचे. जेवायला हाक मारली तर म्हणायचे, "थांब, बाईंची हनुवटी चाललीय." असा संसार केलाय मी.

आमची ओळखही अशीच झाली. मी तेव्हा शाळेच्या ऑफिसात नोकरीला लागले होते. ओळखपत्रासाठी फोटो हवा म्हणून गेले. फोटो हातात आला तर माझ्या हनुवटीवरचा तीळ गायब. मी तशीच तावातावाने परत गेले. म्हटलं, माझा तीळ परत द्या. ह्यांनी निमूट परत दिला, पण डावीकडचा उजवीकडे. मग तिसऱ्यांदा जावं लागलं, आणि तोवर दोघांनाही एकमेकांशी भांडायची गोडी लागली होती.

म्हातारपणी तरी हात आवरेल असं वाटलं होतं. छे. एका गृहस्थांच्या पासपोर्टच्या फोटोवर ह्यांनी असा काही हात फिरवला की पासपोर्ट ऑफिसातल्या माणसाने त्यांना परत पाठवलं. म्हणाला, अर्ज तुमचा आहे तर फोटो मुलाचा का लावलाय? ते गृहस्थ भांडायला आले खरे, पण जाताना त्याच फोटोची मोठी प्रत करून घेऊन गेले. अशी गिऱ्हाइकं असल्यावर हे सुधारणार कसे?

तर आमची लेक बाळंतपणाला आली. मुलगी झाली. दुपट्यात गुंडाळलेली इतकीशी दिसायची की मी तिला पुरचुंडी म्हणायला लागले, आणि तेच नाव चिकटलं. जावई लांब, बोटीवर नोकरीला; त्यांना मायलेकींचे फोटो हेच पाठवायचे. त्यामुळे पुरचुंडीचे आजोबा म्हणजे सबकुछ. स्टुडिओचं शटर कधी उघडायचं आणि कधी पाडायचं हे तिच्या दुधाच्या वेळांवर ठरायला लागलं.

दुसरा महिना लागला तसा तिचा उजवा डोळा पाणावायला लागला. रडत नसतानाही गालावर ओघळ. झोपून उठली की पापण्यांवर चिपडं, कधी कधी तर पापण्या चिकटलेल्याच. लेक घाबरली. मी म्हटलं, अगं, दुधाचा एक थेंब सोड डोळ्यात, पूर्वी सगळ्या तेच करायच्या. लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. आम्ही सगळे लवाजम्यासकट बाळांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

ही डॉक्टरीण वयाने लहान, पण बोलायला तिखट. तिने डोळा उजेडात पाहिला, पापणी हलकेच खाली ओढून पाहिली, नाकाजवळचा कोपरा दाबून पाहिला. म्हणाली, "डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला एक बारीक नळी असते. हिच्या नळीचं तोंड अजून पुरतं उघडलेलं नाही. पाणी उतरत नाही म्हणून बाहेर सांडतं, आणि साचतं म्हणून चिपडं होतं."

"म्हणजे मोरी तुंबलीय," मी म्हटलं.

"अगदी तसंच," ती हसली. "पण ही मोरी बहुतेक बाळांची वर्षाच्या आत आपोआप उघडते. आपण फक्त मदत करायची." मग तिने आपल्या करंगळीने लेकीच्याच नाकावर दाखवलं. हात धुऊन, नख कापून, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर हलकं दाबत नाकाच्या कडेने खाली यायचं. दिवसातून काही वेळा, दूध पाजताना. पुसायला उकळून गार केलेलं पाणी आणि स्वच्छ कापूस. नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवायचा आणि तो बोळा टाकून द्यायचा, दुसऱ्या डोळ्याला दुसरा.

"आणि घरातलं काहीही डोळ्यात घालायचं नाही," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "मध नाही, गुलाबपाणी नाही, दूधही नाही." आता हिला कुणी सांगितलं माझं, देव जाणे.

उठताना मात्र तिचा आवाज बदलला. "जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच पू आला असता, तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा एक दिवसही थांबायचं नसतं. आता नुसतं पाणी आणि चिपडं असेल तर घाबरू नका. पण डोळ्याचा पांढरा भाग लाल झाला, पापणी सुजली, कोपऱ्यात लाल फुगवटा आला, पिवळाहिरवा पू यायला लागला, ताप आला किंवा ती उजेडाला डोळा उघडेना, तर लगेच आणायचं. उगाच बाळाला इथे खोकणाऱ्या मुलांत बसवू नका. मधूनमधून फोटो पाठवा, मी बघत जाईन."

फोटो हा शब्द ऐकून ह्यांनी कॉलर नीट केली. मी पाहिलं.

पहिला फोटो लेकीने आपल्या फोनवर काढला. तो आला काळाकुट्ट. डॉक्टरीणबाईंनी कळवलं, काहीच दिसत नाही, चांगल्या उजेडात काढा. झालं. हे फुरंगटूनच बसले. घरात फोटोग्राफर असताना पोरीने फोनवर फोटो काढावा म्हणजे काय? मग पुरचुंडीला खाली नेलं, उशीवर ठेवलं, छत्रीचा दिवा पडद्याने मऊ केला आणि मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढला. तासाभराने तो लेकीच्या फोनवर आला. सुरेख. लेकीने पुढे धाडला. उत्तर आलं, 'छान आहे, चालू ठेवा.' हे दिवसभर शीळ घालत होते.

कोपरा चोळायचं कामही ह्यांनीच घेतलं. पेन्सिल धरून धरून बोटं अशी हलकी झालेली की पुरचुंडी चोळताना झोपून जायची. लेक म्हणायची, बाबा, तुमच्या हाताला जादू आहे. आणि हे लाजायचे, ह्या वयात.

असे काही आठवडे गेले. फोटो जात होते, 'छान' येत होतं. मग एका सकाळी लेक म्हणाली, "आई, आज मला कोपरा लाल वाटतोय. चिपडंही पिवळं आहे." मलाही तिथे फुगल्यासारखं वाटलं होतं, पण मी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत बसलेली बाई, माझ्या नजरेला कोण विचारतं? फोटो काढला, पाठवला. लेकीने खाली लिहिलंही, लाल वाटतंय. उत्तर आलं, 'फोटोत डोळा स्वच्छ आहे. लाली नाही, सूज नाही. तरी शंका वाटली तर दाखवायला आणा.'

लेकीने फोनमधला डोळा पाहिला, मांडीवरचा पाहिला, पुन्हा फोनमधला पाहिला. "मलाच दिसतंय का हे?" ती म्हणाली. "मला वेड लागलंय का आई?"

"पहिलटकरणीला सगळंच मोठं दिसतं," हे म्हणाले. प्रेमानेच म्हणाले. "हा बघ की फोटो. आरसा आहे आरसा." मग लेकीने दवाखान्यात जायचा विषय सोडून दिला. दिवसभर मात्र ती पुरचुंडीला घेऊन खिडकीत जायची, डोळा बघायची आणि मान हलवून परत यायची.

दुसऱ्या दिवशी कापूस लावला तर पोर किंचाळली. लेक म्हणाली, मला पुन्हा फोटो पाठवायचाय. ह्यांनी काढला. बराच वेळ झाला तरी वर येईनात म्हणून मी चहा घेऊन खाली गेले. हे माझ्याकडे पाठ करून कॉम्प्युटरपाशी बसलेले, काहीतरी गुणगुणत. पडद्यावर पुरचुंडीचा डोळा, परातीएवढा मोठा केलेला. आणि काय सांगू, माझ्या मोतीबिंदूलासुद्धा दिसलं. नाकाजवळचा कोपरा वाटाण्यासारखा टम्म, लालभडक, पापण्यांत पिवळा पू. आणि त्यावर ह्यांच्या माऊसचा तो डाग पुसायचा छोटा गोल फिरत होता. टक, पू गेला. टक टक, लाली गेली. मग अलगद, अगदी मायेने, ह्यांनी तो फुगवटा आत ढकलला. डोळा झाला चकाचक.

चहाची बशी तशीच हातात धरून मी पुढे झाले. "अहो, हे काय करताय?"

"डॉक्टरना पाठवायचाय ना."

"ते कळलं. हे काय करताय?"

हे थांबले. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो शेजाऱ्याचा हात होता आणि चुकून ह्यांच्या टेबलावर राहिला होता. मग पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चेहरा पांढराफटक. "मी... जरा साफ केला फक्त," म्हणाले. "नेहमी करतो तसा."

देवाशप्पथ सांगते, त्यांना ठाऊकच नव्हतं. चाळीस वर्षांत ह्या माणसाने एकही फोटो न पुसता कुणाच्या हातात दिला नव्हता. चष्मा घालताना तुम्ही विचार करता का? तसंच ते. पण मला त्या क्षणी दया आली नाही. असा संताप आला होता की ती बशी मी टेबलावर आपटली. "तुम्ही पोरीला वेडं ठरवलंत," मी म्हटलं. "ती खरं सांगत होती आणि तुम्ही तिला वेडं ठरवलंत."

लेक जिन्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.  पुरचुंडीला दुपट्यात घेतलं आणि रस्त्याला लागली. मी मागे, माझ्यामागे हे, एका पायात घरातली चप्पल आणि एका पायात बाहेरची.

डॉक्टरीणबाईंनी डोळा पाहिला आणि लगेच फोन उघडून आदल्या दिवशीचा फोटो पाहिला. "ही तीच मुलगी आहे?" तिने विचारलं.

"फोटो मी साफ केला होता," हे म्हणाले. निदान स्वतः म्हणाले.

तिने फोन टेबलावर ठेवला. "चिपडं साफ करायला मी सांगितलं होतं," ती म्हणाली, "पण बाळाच्या डोळ्यातलं. फोटोतलं नाही."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हे वाक्य शेजारणीला सांगून वर्षभर हसले असते. त्या दिवशी मला हसू आलं नाही, कारण पुढचं बोलणं असं होतं. डोळ्याच्या कोपऱ्यात जिथे पाणी साचतं, त्या पिशवीत जंतूंचा संसर्ग झालाय. एवढ्याशा बाळात तो डोळ्याच्या मागे पसरू शकतो. घरी ठेवायचं नाही, आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात दाखल करायचं, औषध शिरेतून द्यावं लागेल. आणि सूज उतरेपर्यंत तिथे कुणी दाबायचं नाही, चोळायचं नाही. "डोळा वाचेल ना?" लेकीने विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंय. पण आणखी थांबला असतात तर मला हे म्हणता आलं नसतं."

रुग्णालयात बाळाजवळ आईलाच राहू देत. आम्ही दोघं बाहेरच्या लोखंडी बाकावर. पुरचुंडीच्या इवल्या हाताला सुई लावलेली, हाताला फळी बांधलेली, हे आम्ही दाराच्या काचेतून पाहिलं. मला फार भीती वाटत होती, आणि बाजूला बसलेल्या ह्या माणसाचा राग येत होता, आणि त्याची कीवही येत होती, सगळं एकदमच. हे तर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले. परिचारिकेला सांगितलं, लादी पुसणाऱ्या बाईला सांगितलं, एका मोडक्या पायाच्या पेशंटला सांगितलं, "माझ्यामुळे झालं हो." तो बिचारा म्हणाला, "नाही हो काका, मी स्कूटरवरून पडलो." मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू.

पण पोर चिवट. ताप उतरला, सूज उतरली, लाली फिकी झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत उजेड टाकून पाहिलं, नजर उत्तम. आम्ही तिला घरी आणलं.

घरी आल्यावर लेक ह्यांच्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. हे पुरचुंडीला घ्यायला हात पुढे करायचे आणि ती शांतपणे म्हणायची, "राहू दे बाबा." दूध, आंघोळ, कापूस, औषध, सगळं एकटीच करायची. मी मदतीला गेले तर मलाही म्हणायची, राहू दे. आता तिचा फक्त स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा होता, आणि तो आम्हीच मोडून बसलो होतो, त्यामुळे ती ते डोळे क्षणभरही मिटायला तयार नव्हती.

हे खाली स्टुडिओत जाऊन बसायचे. माऊसला हात लावायची हिंमत होईना. त्यामुळे गल्लीत हाहाकार उडाला. न्हावी आपला फोटो पाहून टक्कल कुठून आलं म्हणून विचारायला लागला. निवृत्त मास्तरीणबाई आपल्या साऱ्या सुरकुत्या हातात घेऊन माझ्याकडे तक्रार करायला आल्या. म्हटलं, बाई, इस्त्री बंद आहे सध्या.

मग डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. आता पुन्हा हलकं चोळायला सुरुवात करायची का ते ठरवायचंय, कोपऱ्याचा फोटो पाठवा. लेकीने फोनवर काढला. काळाकुट्ट. पुन्हा काढला. पुरचुंडी हलली. उत्तर आलं, 'घरात फोटोग्राफर असताना हे काय पाठवताय?'

लेकीने ते दोनदा वाचलं. मग उठली आणि पुरचुंडीला घेऊन खाली गेली. मी मागोमाग, राहवलं नाही म्हणून.

"काढा फोटो," ती बाबांना म्हणाली. "माझ्यासमोर. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, कॅमेऱ्यातून थेट माझ्या फोनवर."

ह्यांनी मान हलवली. पोर स्थिर राहीना, तेव्हा लेकीने तिचा गाल आपल्या गालाला टेकवून धरला. ह्यांनी कॅमेरा उचलला. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली आणि श्वास रोखून बटण दाबलं. फोटो गेला. थोड्या वेळात उत्तर आलं, 'आता नीट दिसलं. सूज नाही. थोडं चिपडं आहे, ते काही दिवस राहील. चोळायला सुरुवात करा.'

लेकीने फोन बंद केला आणि जायला निघाली. हे मात्र कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात डोकं घालून बसले होते. बोटाने फोटो मोठा करत होते, आणखी मोठा करत होते.  म्हटलं, "अहो, हात आवरा."

"पुसत नाहीये," हे म्हणाले. "बघतोय."

मी वाकून पाहिलं. ह्यांनी पुरचुंडीचा डोळा मोठा केलाच नव्हता. लेकीचा चेहरा मोठा केला होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, ओठ फुटलेले, केसांना कित्येक दिवसांत पाणी लागलेलं नाही. खांद्यावर सुकलेल्या दुधाचा डाग. ही पोरगी रोज माझ्यासमोर जेवत होती.

"हे कधीपासून?" ह्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून," लेक म्हणाली. "तुम्ही तुमच्या जावयांना आमच्या दोघींचे फोटो पाठवायचात ना, त्यातही होतं. तुम्ही काढून टाकलंत. त्यांनी मला लिहिलं, किती टवटवीत दिसतेस, माहेरी चैन चाललीय तुझी." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. "मग मी त्यांना काय सांगणार होते, बाबा? की मी झोपत नाही म्हणून? पुरावा तर त्यांच्या हातात होता."

हे उठले. दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "दे तिला."

मला वाटलं, आता ती म्हणणार, राहू दे. तिने बाबांकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. पुरचुंडीला त्यांच्या हातावर ठेवलं आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर जरा टेकली. आडवी व्हायलाही तिला वेळ मिळाला नाही, बसल्या बसल्याच झोपली. मी तिचे पाय उचलून वर घेतले, अंगावर पडदा टाकला. ह्यांनी एका हाताने पोर सांभाळत दुसऱ्या हाताने अर्धं शटर ओढलं आणि तो फोटो जसाच्या तसा जावयांना पाठवून दिला.

लगेच फोन वाजला. बोटीवरून इतक्या लवकर फोन कधी येत नाही. हे फोन घेऊन दारापाशी गेले, आवाज खाली केला.

"झोपलीय ती," म्हणाले. "तुम्ही या."